मासूमाची निलोफर

सोमवार उजाडला की नांगरगावात नंदाबाईंच्या चाळीमागं चादरींची गाठोडी येऊन पडतात. तुंगार्लीच्या बंगल्यांतून शनिवार-रविवार राहून गेलेल्या पाहुण्यांनी मळवलेल्या त्या चादरी. मासूमा एकेक गाठोडं सोडते आणि डागांप्रमाणे वाटण्या करते. चहाचे एकीकडे, काजळाचे एकीकडे, लहान पोरांनी ओल्या केलेल्या तिसरीकडे. रंगीत पाण्याचा ग्लास सांडलेला असेल, तर ती चादर आधी मिठात पडते. पाहुणा कोण होता, कुठला होता, हे तिला कधी कळत नाही, पण कोण गाढ झोपला आणि कोण तळमळला, हे ती चुणीवरून सांगेल. सांगत मात्र नाही, कारण तिला कुणी विचारत नाही.

तिला विचारतात ते एकच. "कधी जाणार?"

मासूमा अफगाणिस्तानातली, गझनीकडची. हजारा जमातीची. तिथं तिच्या माणसांना जगणं मुश्कील झालं म्हणून ती इकडं आली. दिल्लीला निर्वासितांची कचेरी आहे, तिथं तिचं नाव नोंदलेलं आहे, फोटोचं कार्ड आहे. कार्डाचा अर्थ एवढाच, की बाई, तूर्त हितं राहा. कायमचं घर तिसराच कुठला तरी देश देईल, आणि तो कुठला व कधी, हे कचेरी फोन करून सांगेल. त्या फोनची वाट बघत लोणावळ्यात तिला आठ वर्षं झाली. तिचा नवरा सरवर पुण्यात कॉलेज शिकायला आलेला होता, नंतर जुन्या हायवेवरच्या हॉटेलात तंदूर सांभाळू लागला, म्हणून हे गाव. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. तेव्हापासून खोलीत दोघीच, मासूमा आणि निलोफर. निलोफर पंधरा वर्षांची, नगरपरिषदेच्या शाळेत दहावीला. चाळीत तिला निलू म्हणतात. ती आईला 'आबा' म्हणते, त्यांच्या बोलीत आईला तसंच म्हणतात. सुरुवातीला नंदाबाईंना त्याची फार गंमत वाटे. "ह्ये बघा, आमच्यात मिशीवाला आबा असतो, ह्येंचा आबा लुगडं धुतोय," असं त्या नळावर सगळ्यांना सांगत.

नंदाबाई घरमालकीण. माहेर आंदर मावळातलं, नवरा रेल्वेत गँगमन होता. त्याच्या फंडातून या पाच खोल्या उभ्या राहिल्या. बाई जिभेनं तिखट, पण मासूमाच्या खोलीचं भाडं पाच वर्षांत वाढलेलं नाही, आणि त्याचा उल्लेखही त्या करत नाहीत.

"आगं, एक लोखंडी कपाट घे की," त्या म्हणत. "किती दिस दोरीवर कापडं टांगनार?"

"जाना है ना मावशी. कपाट कुठे नेणार?"

"आठ वर्सं जातीयास तू. माझ्या भावाच्या म्हशीची रेडकं म्हशी झाली, त्यांनाबी रेडकं झाली. तू आपली अजून उंबऱ्यातच."

मासूमा यावर हसे. हसायची जागा कुठली, हे तिला आता ओळखू येई. आतून हसू यायचं मात्र केव्हाच थांबलं होतं. रडूही. सरवर गेला तेव्हा दवाखान्यातून फोन आला, आणि तिनं भिजत घातलेल्या चादरी आधी पिळून टाकल्या, मग निघाली. बायकांनी त्याबद्दल नावं ठेवली. नंदाबाई म्हणाल्या, "ठेवा नावं. चादरी का तुमी पिळनार हुता?"

दसरा झाला आणि दिल्लीहून फोन आला. कचेरीतल्या मॅडम हिंदीत बोलत, ते मासूमाला नीट समजे. मॅडमचा आवाज त्या दिवशी हसरा होता. कॅनडानं फाईल घेतली आहे. डॉक्टरी तपासणी व्हायची आहे. आणि अजून एक छोटीशी गोष्ट, मॅडम म्हणाल्या, मुलीचा जन्मदाखला तुमच्याकडे नाही, म्हणून लाळेची तपासणी मागितली आहे. गालाच्या आत कापसाची काडी फिरवतात, दुखत नाही. मंगळवारी चौदा तारखेला पुण्यात, आई आणि मुलगी दोघींनी यायचं.

"जी," मासूमा म्हणाली.

"दीदी, खूश नहीं हो?"

"खूश आहे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

निलोफर दारातच उभी होती. फोन स्पीकरवर होता, तिनं सगळं ऐकलं. चाळभर धावत सुटली, नंदाबाईंच्या सुनेला सविताला मिठी मारून आली, मग एकदम गप्प होऊन परत आली. "पण आबा, माझी बोर्डाची परीक्षा? फेब्रुवारीत आहे. तोवर थांबवतील ना?" मासूमानं तिला सांगितलं, जा, गॅस मंद कर.

आता गोष्ट अशी होती, की निलोफर मासूमाच्या पोटची नव्हती.

मासूमाची धाकटी बहीण रुकिया. तिचा नवरा, ती पोटुशी असतानाच, बांधकामावर काम करायला इराणात गेला आणि मागून बोलावतो म्हणाला. त्याचं बोलावणं आलं नाही, तोही आला नाही. रुकिया बाळंतपणात गेली. चाळिसाव्याला सगळं गाव जमलं, जेवणं झाली, आणि म्हाताऱ्यांनी ते दुपट्यातलं पोर उचलून मासूमाच्या ओटीत ठेवलं. मासूमाच्या लग्नाला सहा वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. मुल्लांनी दुवा म्हटली आणि सर्वांसमोर तिच्याकडून वदवून घेतलं, की आजपासून ही तुझी. हिला कुणाची म्हणून विचारलं तर माझी म्हणशील. दुसरं काही म्हणणार नाहीस. मासूमानं तीन वेळा हो म्हटलं. त्यांच्या गावात पोरक्या मुलाला कुणी पोरकं म्हणत नाही. त्यासाठीच ही रीत. पोराला ते कळू द्यायचं नाही, आणि कळवणाऱ्याचं तोंड बघायचं नाही.

म्हणून दिल्लीला पहिल्यांदा नाव नोंदवताना, टेबलापलीकडच्या माणसानं पोरीकडं बोट करून "ही कोण?" असं विचारलं, तेव्हा मासूमा म्हणाली, "माझी." सरवर शेजारीच होता. त्यानंही मान हलवली. त्यात फसवण्याचा विचार दोघांच्या मनाला शिवलाही नव्हता. विचारलं, तिनं शब्द पाळला. माणसानं 'मुलगी' असं लिहून घेतलं.

मंगळवारपर्यंत सहा दिवस होते. दिवाळी तोंडावर आलेली, बंगले भरलेले, त्यामुळे चादरीही रोज येऊ लागलेल्या. मासूमा धूत होती, वाळत घालत होती, इस्त्री करत होती. काडी, कापूस, गाल, हे शब्द डोक्यात येत आणि जात. त्यांच्यामागं काही येत नसे.

शनिवारी दुपारी नंदाबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. मासूमा जाऊन शेजारी बसली, तिनंही मूठभर वाल घेतले, आणि सोलता सोलता, बाजारातला भाव सांगावा तसं सांगून टाकलं.

नंदाबाईंचे हात थांबले. मग पुन्हा सुरू झाले.

"आन् निलीला ठावं न्हाई?"

"नाही."

"मग त्यात काय येवढं? माझा आदिनाथ काय माझ्या पोटचा हाय व्हय? धाकल्या जावंचा हाय त्यो. जाव गेली, दीर दारूत गेला, पोरगं आमच्या ताटात जेवाय लागलं. शाळंत माझ्या मालकाचं नाव लागलं, रेशनकार्डावर लागलं. आजवर कुना सायबानं इचारलं न्हाई. आमच्या आंदर मावळात ज्याच्या घरात जेवतो त्याचं नाव लावत्यात."

"हे विचारतात, मावशी. लाळ मागतात."

नंदाबाईंनी जरा विचार केला. "मग असं कर. निलीला बाहेर बसीव, आन् तुझीच लाळ दोनदा दे. एक डाव्या गालाची, एक उजव्या. त्येंला काय कळतंय?"

"कळतं मावशी."

"कळतं व्हय? लय शानं झालं म्हनायचं मग." त्यांनी सालं पदरातून झटकली आणि आवाज खाली आणला. "मग सांगून टाक. काडीनं सांगायच्या आदी तू सांग. काडीनं सांगितलं तर तू लबाड ठरशील."

सोमवारी सकाळी मासूमानं दिल्लीला फोन लावला. इस्त्री तापलेली होती, समोर चादर अर्धी झाली होती. तिनं एका दमात सांगितलं. मॅडमनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "दीदी, हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. बहिणीची मुलगी म्हणून लिहिलं असतं, तरी ती तुमच्याबरोबरच आली असती. तशी सोय असते. काहीच अडलं नसतं."

मासूमानं हे ऐकलं. काहीच अडलं नसतं. तिनं हात लांबवून इस्त्रीचं बटण बंद केलं, कारण बोलणं लांबणार असं दिसत होतं.

मॅडमनी मग दोन वाटा सांगितल्या. उद्याची तपासणी रद्द. मासूमानं खरं काय ते लेखी द्यायचं. त्यावर, ती एकटी असेल तर फाईल कदाचित पुढं सरकेल, महिना-दीड महिन्यात कॅनडाला जाता येईल. मुलीची फाईल वेगळी निघेल. ती दिल्लीत मुलींच्या वसतिगृहात राहील, आणि तिचं झालं की मागून येईल. दुसरी वाट म्हणजे दोघींची एकत्र फाईल. पण मग ती कॅनडाकडून परत येणार. मुलीच्या बापाचा शोध घ्यावा लागेल, तो सापडला तर त्याची संमती. सगळ्या मुलाखती नव्यानं. दोन वर्षं, तीन वर्षं, सांगता येत नाही. आणि पुन्हा कुणी घेईलच, हेही सांगता येत नाही.

"शुक्रवारपर्यंत कळवा. आणि मुलीला सांगा, दीदी. तिच्याशीही बोलावं लागणार आहे."

नंदाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी एक पर्याय तिथल्या तिथं निकालात काढला. "वसतिगृह कशाला? निली माझ्याकडं ऱ्हाईल. सविताच्या पोरींत झोपंल. परीक्षा दिऊन मागनं यील. तू म्होरं जा, बस्तान बशीव."

मासूमा म्हणाली, चालणार नाही, कचेरी ऐकणार नाही. पण हे तिनं कचेरीला विचारलेलंच नव्हतं. दोन दिवस ती मनात तो विचार हातातल्या चादरीसारखा उलटसुलट करून बघत राहिली. तिकडं बर्फ असतं म्हणतात. कपड्यांना सुकवायचं यंत्र असतं. पावसाळ्यात चार महिने इस्त्रीनं पाणी जाळत बसावं लागत नाही. पुढं जायचं, मागून बोलवायचं. रुकियाचा नवरा पुढं गेला होता. सरवरही पुण्याला पुढं आला होता, सहा महिन्यांत बोलावतो म्हणून. त्याला दोन वर्षं लागली. लबाड दोघांतला एकही नव्हता. पुढं गेल्यावर तिथली कामं असतात.

बुधवारी निलोफर शाळेतून आली तेव्हा मागच्या मोकळ्या जागेत चादरी वाळून कडक झाल्या होत्या. मोठ्या चादरींच्या घड्या एकटीला येत नाहीत. दोघींनी दोन टोकं धरली, ताणली, झटकली, आणि जवळ येऊन कोपरे जुळवले. एक झाली. दुसरी झाली. तिसरीला मासूमा आपल्या बोलीत बोलायला गेली आणि तिचा आवाजच निघेना. त्या बोलीत तिनं तीन वेळा हो म्हटलेलं होतं. ते शब्द तिथंच, गावकऱ्यांसमोर ठेवलेले होते. त्यांना हात लावायचा तर पोर पुन्हा ओटीतून उचलून द्यावं लागलं असतं.

मग ती मराठीत बोलली. नळावरची, बाजारातली, तुटकी मराठी. ती तिला कुणी ओटीत घातलेली नव्हती.

"निलू, ऐक. तू माझ्या पोटातून नाही."

निलोफर चादरीचं टोक धरून उभी राहिली.

"तू रुकियाच्या पोटातून. रुकिया माझी लहान बहीण. ती मेली. मग तुला मला दिली. बाप इराणला गेला, कामाला. मग त्याची खबर नाही. मी कागदावर माझी मुलगी लिहिली. आता ते विचारतात." आणि मग दोन्ही वाटाही सांगितल्या, मॅडमनी सांगितल्या त्याच क्रमानं.

मधे चादर लोंबत होती. पलीकडं लोकल गेली. मासूमाला वाटलं, आता पोरगी टोक सोडेल. तिनं सोडलं नाही. चालत आली, कोपऱ्याला कोपरा लावला, खाली वाकून घडीची दुसरी बाजू उचलली.

"फोटो आहे तिचा?"

"नाही."

"कशी होती?"

मासूमानं आठवून बघितलं. "बोलायची खूप. भाकरी जाळायची."

निलोफरनं पुढची चादर दोरीवरून ओढली. पोरगी उंच होती, टाचा उचलाव्या लागत नव्हत्या. कधी एवढी झाली, कुणास ठाऊक. पाठमोरीच ती म्हणाली, "बोर्डाच्या फॉर्मवर आईचं नाव परवाच भरलंय. मासूमा. बाईंनी सगळ्यांकडून दोनदोनदा तपासून घेतलं, सह्या घेतल्या. म्हणाल्या, आत्ता काय ते बघा, नंतर चुकलं म्हणून माझ्याकडं रडत यायचं नाही." मग वळली. "मी सही केलीय."

"बरं," मासूमा म्हणाली.

"तू जाणारेस का?"

"तू टोक धर," मासूमा म्हणाली. "धर नीट. अजून बारा आहेत."

त्या रात्री निलोफर जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेली, आली, आणि सविताच्या पोरींच्यात जाऊन टीव्ही बघत बसली. आईशी बोलली ती कामापुरतं. आबा मात्र म्हणाली. "आबा, साबण संपलाय," एवढंच. मासूमानं ते लक्षात ठेवलं.

शुक्रवारी तिनं दिल्लीला कळवलं, "दोघी."

"दीदी, समजून उमजून सांगताय ना? ही जागा परत मिळेल असं नाही."

"समजलं."

"मुलीला सांगितलं?"

"सांगितलं."

मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, जबाब पाठवा, मी वर कळवते. आवाज हसरा नव्हता, पण वाईटही नव्हता. नंदाबाई ओट्यावरून ऐकत होत्या. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "लक्ष्मी दारात आली हुती, तिला पानी न पाजता वाटंला लावलीस. आता माझ्याच डोक्यावर बस आजून धा वर्सं." आणि आत जाऊन शिळ्या भाताचा फोडणीचा भात दोन ताटल्यांत घालून घेऊन आल्या.

जबाब इंग्रजीत द्यायचा होता. तो लिहायचा कुणी, हा प्रश्नच नव्हता. त्या घरात इंग्रजी लिहिणारं माणूस एकच. रविवारी दुपारी निलोफर वही घेऊन जमिनीवर पालथी पडली, आणि कचेरीनं फोनवर पाठवलेले प्रश्न एकेक वाचू लागली. मासूमा शेजारी उशांच्या अभ्र्यांना बटणं लावत होती.

"मूल तुमच्या ताब्यात कधीपासून आहे. तारीख, महिना, वर्ष."

"चाळिसाव्यापासून."

"असं चालत नाही आबा. तारीख हवी."

मासूमानं सुई थांबवली. "नवरोज झाला होता. दुसरा दिवस. लोक नव्या कपड्यात आले होते."

निलोफरनं फोनमध्ये बघितलं. नवरोज, त्यांचं नवं वर्ष, एकवीस मार्चला, दुसरा दिवस बावीस. तिनं ते लिहिलं. मग पेन तसंच धरून बोटांवर मागं मोजत गेली, एकदा चुकली, परत मोजलं.

"चाळिसावा म्हणजे ती गेल्यापासून?"

"हो. गेली तो पहिला दिवस."

"मग ती अकरा फेब्रुवारीला गेली." ती थांबली. "आणि मी?"

"त्याच दिवशी. तू सकाळी. ती दुपारी."

निलोफरच्या कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडं एक जानेवारी होती. जन्मतारीख माहीत नसलेल्या सगळ्यांना कचेरी तीच तारीख देते. मासूमाचीही तीच, सरवरचीही तीच होती. मासूमाच्या मनात कधी हे दिवस मोजायचं आलंच नव्हतं.

"लिहू का?" निलोफरनं विचारलं.

"लिही."

तिनं लिहिलं. सावकाश, परीक्षेत लिहितात तसं, आणि खाली पट्टीनं रेघ मारली. मग वाचलं, "त्या दिवशी हजर असलेल्या साक्षीदारांची नावं, आणि ते हयात आहेत का."

मासूमानं दोरा दातानं तोडला आणि एकेकाचं नाव सांगू लागली. हा आहे. हा नाही. ही होती दोन वर्षांपूर्वीपर्यंत, आता माहीत नाही. निलोफर लिहीत गेली, आणि जिथं माहीत नाही तिथं तिनं पुढं थोडी जागा सोडली.